दोन बुचांची होडी

होडी गळू नये म्हणून माणसं काय काय करतात. डांबर फासतात, नारळ फोडतात, कुणी नवससुद्धा बोलतं. आमच्या काळूरामकाकांनी अजिबात न गळणाऱ्या होडीला स्वतःच्या हाताने भोक पाडलं. बरं, एकावर भागलं नाही, दोन पाडली. आणि त्यातल्या एका भोकाचं पितळी बूच सदऱ्याच्या खिशात घालून ते गावभर फिरायचे. कुणाशी बोलता बोलता मधेच हात खिशाकडे जायचा, बूच जागेवर आहे ना ते चाचपायचे, आणि मग पुढचं बोलायचे.

"काका, बूच होडीलाच साखळीने बांधून का नाय ठेवत?" असं मी एकदा विचारलं होतं.

"बांधलं तर ते बोटीचं झालं," काका म्हणाले. "खिशात हाय तवर बोट माझी. कोन चोरून नेल त्याला नेऊ दे, बुडंल."

मी त्यांच्या शेजारची शालू. माहेर मुरबाडकडचं, सासर इथलं. शेणव्याकडून आत वळून थोडं पुढे आलं की आमचं गाव लागतं आणि गावामागची टेकडी उतरली की धरणाचं पाणी. घरात शिवणयंत्र आहे, ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवते. काकांच्या आणि आमच्या अंगणात एक कुडाचं कुंपण आहे. काका ते कुंपण मानत नाहीत, पावसाळ्यात तर मुळीच नाही, कारण त्यांच्या मते माझ्या अंगणाचा उतार चुकलेला आहे.

काकांना हा उताराचा आजार फार जुना. जन्मभर नळजोडणीची कामं केली. खडवली, वाशिंद, पार कल्याणपर्यंत जायचे, संध्याकाळी परत. वर घरची भातशेती. म्हणजे दिवसभर लोकांच्या घरातलं पाणी बाहेर काढायचं आणि सकाळ-संध्याकाळ आपल्या खाचरातलं. त्यामुळे जगाकडे बघायची त्यांची एकच रीत झाली. पाणी येणारच, ते धरून चालायचं. त्याला जायची वाट ठेवली आहे का, तेवढं सांगा.

"वाट ठेवली का?" हा त्यांचा प्रश्न. नवं घर बांधलं, दाखवायला नेलं, वाट ठेवली का? लग्नाचा मांडव घातला, वाट ठेवली का? दुसऱ्यांच्या घरी गेले की बाकीचे पाहुणे पाट-सतरंजीवर टेकायचे, काका आधी मोरीत जाऊन तांब्याभर पाणी ओतायचे आणि ते कुठे जातं ते कमरेवर हात ठेवून बघायचे. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. मुलगी देखणी, शिकलेली, पोहे फर्मास. मुलीच्या वडिलांनी अदबीने विचारलं, "कशी वाटली?" काका म्हणाले, "पोरगी एक नंबर. मोरीला उतार नाय." ते स्थळ गेलं. आता त्या मुलीचं लग्न दुसरीकडे झालं आहे, आणि काका अजून म्हणतात, त्या घरात भिंतीला ओल येणार. मी काही बघायला गेलेले नाही.

तर अशा माणसाकडे होडी कशी आली ते सांगते. मुरबाडच्या बाजूला मुंबईच्या लोकांची फार्महाऊसं झाली आहेत. तिथल्या एका बंगल्यात काका पाइपाचं काम करायला गेले होते. आवारात एक फायबरची छोटी होडी उपडी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. मालकांनी हौसेने आणली, दोनदा तळ्यात फिरवली, मग हौस फिटली. काकांनी नुसतं विचारलं, ही काय करणार? मालक म्हणाले, न्या की, तेवढीच जागा मोकळी होईल. टेम्पोतून होडी आमच्या गावात आली तेव्हा लोक जेवण टाकून बघायला आले. होडीत अजून पिसं होती.

गावाने विचारलं, शेतकऱ्याला होडी कशाला? काकांनी उत्तर लपवलं नाही. म्हणाले, "हिला अनशीकडं न्यायची."

ही म्हणजे हिराकाकी. आणि अनशी ही काकींची थोरली बहीण. धरणाच्या पलीकडच्या काठावर तिचं घर. आधी मधे नुसती नदी होती, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता यायचं. मग धरण भरलं. आता हाक ऐकू जात नाही, पण सकाळी तिकडच्या झाडांतून धूर वर आला की काकी म्हणायच्या, "अनशीची चूल पेटली." आणि मग स्वतःची पेटवायच्या.

रस्ता आहे की, तुम्ही म्हणाल. आहे. धरणाला वळसा घालून, दोन जीपगाड्या बदलून, वळणावळणाचा रस्ता. पण काकींना गाडी लागते. साधी लागत नाही. माणसांना गाडी चालू झाल्यावर लागते, काकींना उभ्या गाडीच्या सीटचा वास आला तरी लागते. लिंबू हुंगलं, आलं चघळलं, पोटावर कागद बांधला, डॉक्टरची गोळी घेतली. गोळीसकट बाहेर आलं. मुलगा-सून कल्याणला राहतात, त्यांच्या घरी काकी एकदाही गेलेल्या नाहीत. नातवाला बघायला नातवालाच यावं लागलं. अनशीबाई आधी वर्षातून एकदा जीपने यायच्या, पण पडून कमरेचं हाड मोडलं तेव्हापासून त्या खाटेवर. फोन होता, पण दोघींनाही कमी ऐकू येतं. दोघी एकाच वेळी बोलायच्या, दोघी "ऐकू येतं का गो?" विचारायच्या, आणि तेवढ्यात बॅटरी संपायची.

मागच्या उन्हाळ्यात अनशीबाईंच्या मुलाने निरोप दिला, आई सारखी म्हणते, हिरीला एकदा बघायचं हाय. काकी निरोप ऐकून चुलीकडे वळल्या. दोन दिवस भाजीत मीठ पडलं नाही, एवढंच.

धरणात मासे धरणारे लोक ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जातात. पासष्टीची बाई ट्यूबवर कशी बसवणार? इंजिनाची होडी म्हणावी तर डिझेलचा वास. म्हणून शिडाची. वाऱ्याला वास नसतो, असं काका म्हणायचे. पूर्ण विचार करून केलेलं होतं सगळं. फक्त काका आयुष्यात कधी होडीत बसले नव्हते.

होडी अंगणात सरळ ठेवली आणि पाऊस लागला. एका रात्रीत ती काठोकाठ भरली. काकींनी त्यात भांडी विसळायला सुरुवात केली. काका छत्री घेऊन होडीभोवती फेऱ्या मारायला लागले. ज्या माणसाने अख्ख्या तालुक्याच्या मोऱ्यांना नावं ठेवली, त्याच्याच दारात पाणी तुंबलं होतं, आणि वाट नव्हती.

"भोक पाडायला पायजे," काका म्हणाले.

"होडीला?" मी म्हटलं.

"मग काय खाचराला? अगो, खाली भोक, त्याला आट्याचं बूच. जमिनीवर काढून ठेवायचं, पान्यात जाताना लावायचं."

हे तत्त्व बरोबरच होतं. काकांनी नंतर मोबाइलवर कुणा गोऱ्या माणसाचा व्हिडिओ दाखवला, त्याच्याही होडीला तसंच बूच होतं. काका म्हणाले, "बग, त्यालाबी कळतं." पण हा व्हिडिओ त्यांनी भोक पाडून झाल्यावर बघितला. आधी बघितला असता तर बरं झालं असतं.

भोक कुठे पाडायचं हे ठरवायची काकांची रीत शेतकऱ्याची. खाचराला खांड कुठे पाडतात? बांधावर उभं राहायचं, पाणी कुठे साचतं ते बघायचं, तिथे कुदळ घालायची. काकांनी उघडीप पडल्यावर होडी कोरडी केली, दोन बादल्या पाणी ओतलं, बिडी पेटवून बसले. पाणी संथपणे होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन साचलं. काका म्हणाले, "हितं." आणि टोकाशी, अगदी तळाला, ड्रिलने भोक पाडलं. पितळी चकती बसवली, नळाला लावतात तसा सफेदा आणि सूत लावून आटे घट्ट केले, रबरी वायसर घातला, बूच पान्याने आवळलं. काम सुबक झालं होतं, खोटं कशाला बोलू. बूच काढलं की पाणी कसं सुर्रकन गेलं. काका लोकांना बोलावून बोलावून दाखवत होते.

आठवड्याने होडी धरणाच्या काठावर नेली. पाण्यात सोडली, बूच लावलेलं. एक थेंब आत आला नाही. मग काकांनी मुद्दाम बादलीभर पाणी आत टाकलं, वाट दाखवायला. पाणी मागे गेलं. पुढे नाही, मागे. काका स्वतः मागे बसले होते, त्यांच्या पायाशी जाऊन थांबलं.

काठावर गावातले लोक उभे होते. मग रामा गवळी हळूच म्हणाला, "काका, तुमचं अंगण शेताकडं उतरतं ना."

होडी काकांच्या अंगणात पुढे कललेली होती. उतार होडीचा नव्हता, अंगणाचा होता. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या उताराच्या चुका काढल्या, त्याने स्वतःच्या अंगणाचा उतार धरला नव्हता.

दुसरा कुणी असता तर पहिलं भोक गुपचूप बुजवून टाकलं असतं. काकांनी मागे दुसरं पाडलं आणि पहिलं तसंच ठेवलं. म्हणाले, मुद्दामच केलं. "खाचरालाबी दोन खांडी असतात. एकीतून पानी आत घ्यायचं, दुसरीतून भाइर सोडायचं."

"पण काका, होडीत पाणी आत कशाला घ्यायचं?"

"तुला नाय कळायचं," काका म्हणाले आणि मागचं बूच खिशात टाकून निघून गेले. पुढचं त्यांनी असं आवळलं की पुन्हा उघडायचं नावच नको. त्या भोकाचा विषय त्यांच्या लेखी संपला होता.

शीड शिवायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, काका, मी ब्लाउज शिवते. ते म्हणाले, "शिवायचं म्हंजे शिवायचंच ना, हे थोडं मोठं." कापड म्हणून फ्लेक्सचा बॅनर आणला. कुणा तरुण नेत्याचा वाढदिवस होऊन गेला होता, बॅनर नाक्यावर पडून होता. गॉगल लावलेला हसरा चेहरा, हात जोडलेले, खाली हार्दिक शुभेच्छा. मशीनच्या तीन सुया मोडल्या, शेवटी मोची वापरतो तसल्या दाभणाने टाके घातले. त्रिकोणी कापायचं म्हणताना नेत्याचा एक कान गेला. बांबूच्या डोलकाठीवर चढवलं तेव्हा काका लांब जाऊन बघून आले आणि म्हणाले, "बरोबर हाय. गालात वारा भरतो."

मुहूर्त दसऱ्याचा ठरला. सीमोल्लंघन, काका म्हणाले, खरोखरचं करू. काकींनी बहिणीसाठी हिरवं लुगडं काढून ठेवलं, तांदळाच्या भाकऱ्यांचं पीठ दळून आणलं, सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, बांधली. आणि आदल्या दिवशी, खंडेनवमीला, पाटावर घरातली सगळी हत्यारं मांडली. कोयता, विळे, कुदळ, काकांचा पान्यांचा संच, पाइप कापायची करवत. सगळं धुऊन पुसून हळदकुंकू. मग काकांपुढे हात केला, "बूच द्या."

काकांनी खिशावर हात ठेवला. "ते कशाला?"

"त्याचा मान नाय का? सगळं त्याच्यावर चाललंय."

काकांनी दिलं. काकींनी विचारलं, "आनि दुसरं?"

"ते घट्ट हाय, बसू दे."

"एकाला पुजायचं नि एकाला नाय, असं कधी असतं का? रुसंल ते."

काकांनी लांब पान्याने, शिव्या घालत, पुढचंही उघडलं. काकींनी दोन्ही बुचं चिंचेने घासली. सोन्यासारखी झाली. पाटावर मधोमध ठेवून वर झेंडूची फुलं वाहिली. त्या दिवशी काकांचा हात दहा वेळा रिकाम्या खिशाकडे गेला आणि दहा वेळा खाली आला.

दसऱ्याच्या सकाळी निघायची घाई. काकांनी फुलांत हात घातला, बूच हाताला लागलं, खिशात टाकलं, चाचपलं, निघाले. रोजची सवय एका बुचाची. दुसरं झेंडूखाली राहिलं. हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही, मी पण त्याच घरात भाकऱ्यांचा डबा बांधत उभी होते.

होडीत तिघं. पुढे काकी, मांडीवर लुगड्याचं बोचकं. मधे मी, कारण शीड फाटलं तर कोण शिवणार. मागे काका, एका हातात सुकाणू, एका हातात दोर. तिघांच्या पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधलेले, बुडालोच तर तरंगायला. काकांनी मागचं बूच आवळलं, काठावरच्यांना राम राम केला, आणि वाऱ्याने नेत्याच्या गालात हवा भरली. होडी खरोखर चालली.  काकी नाकाशी लिंबू धरून तयार होत्या, पण थोड्या वेळाने त्यांनी लिंबू खाली ठेवलं. चेहऱ्यावर असं नवल होतं की विचारू नका. वास नव्हता.

पाण्याच्या मधे आलो असू. माझ्या पायाला गार लागलं. खाली बघितलं तर पाण्याची बारीक धार पुढून मागे चालली होती. पुढे बघितलं. काकींनी एक चप्पल काढली होती आणि उजव्या पायाची टाच होडीच्या टोकाशी तळाला घट्ट दाबून धरली होती. टाचेच्या कडेने पाणी झिरपत होतं. मी तोंड उघडणार, तोच काकींनी डोळे वटारले. मग मागे काकांकडे नजर टाकून मान हलवली. नाही म्हणून. मला कळलं. सांगितलं तर काका होडी परत फिरवतील, आणि परत फिरलेली होडी पुन्हा कधी निघेल कोण जाणे.

मागून काकांचं व्याख्यान चालू होतं. "बग शालू, आतून कशी सुकी हाय. फिटिंग असावी तर अशी. लोक हसत होते ना? एक थेंब दाव मला."

"कुठाय थेंब," मी म्हटलं. माझे पाय घोट्यापर्यंत भिजले होते.

काकींची टाच मधून मधून थरथरायची. त्या दुसऱ्या पायाने ती दाबून धरायच्या. एवढा वेळ एका जागी एवढा जोर लावून बसणं, त्या वयाला. मी मनात म्हटलं, हा माणूस मागे बसून बढाया मारतोय आणि त्याची होडी बायकोच्या टाचेवर तरंगतेय. थोडा रागही आला मला, खरं सांगते.

पलीकडच्या काठावर गाव गोळा झालं होतं. शीड बघून त्यांना वाटलं, नेता पाण्यातून मतं मागायला आला. कुणीतरी हातसुद्धा जोडले. होडी चिखलात घुसली, काकी उतरल्या, आणि कुणाची वाट न बघता बोचकं काखेत मारून अनशीबाईंच्या घराच्या दिशेने एका चपलेवर निघाल्या.

मी मागे राहिले, काकांना हात द्यायला. काकांनी होडी वर ओढली, मागचं बूच काढलं. पाणी केवढं तरी आलं, येतच राहिलं. काकांची पँट पोटऱ्यांपर्यंत ओली. सगळं पाणी वाहत वाहत त्यांच्याच पायाशी जाऊन साचलं होतं.

"काका," मी म्हटलं, "तुमाला ठाऊक होतं?"

"पान्यात पाय घालून बसलो होतो, ठाऊक नसंल तर काय," काका म्हणाले. "पुढचं बूच घरी राहिलं ते निम्म्यात आल्यावर आठवलं. बोललो असतो तर ती घाबरली असती. परत चला म्हनाली असती. मंग अनशीची भेट राहिली असती." मग बूच पुसत, "पन एवढंच पानी कसं आलं, ते नाय कळलं. त्या भोकातून आतापर्यंत बोट भरायला पायजे होती."

मी सांगितलं. काकींची टाच, चप्पल, वटारलेले डोळे, सगळं.

काका ऐकून होडीच्या काठावर बसले. वाकून पुढच्या भोकात बोट घालून बघितलं. हसतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "टाच सोलली असंल तिची. हळद मागून घे कुनाकडं."

वर गेलो तर दोघी बहिणी भांडत होत्या. खाटेवरच्या अनशीबाई म्हणत होत्या, "किती वाळलीस गो, जेवाय घालत नाय काय तो?" काकी म्हणत होत्या, "मी नाय वाळली, तूच सुजलीस." काकींनी बहिणीच्या हातात आपट्याचं सोनं ठेवलं आणि तो हात मग सोडलाच नाही. दोघी एकमेकींना ऐकू यावं म्हणून ओरडून बोलत होत्या, ओरडता ओरडता रडत होत्या, आणि मधेच करंदीत मीठ किती घातलं तेही विचारत होत्या. काका दारातच उभे राहिले. मग जाऊन मोरीत तांब्याभर पाणी ओतून आले. काही न बोलता बसले, म्हणजे उतार बरा असावा.

उन्हं कलली तशी काकी उठल्या, पदर खोचायला लागल्या. अनशीबाईंचं तोंड एवढंसं झालं.

काका म्हणाले, "कुठं निघालीस? राहा चार दिवस."

काकी म्हणाल्या, "आनि तुमचं जेवान?"

"शालू हाय की." मला विचारलं नव्हतं, पण मी मान हलवली. भोकात घालायला अनशीबाईंच्या मुलाने एक लाकडी खुंटी तासून दिली. काकांनी ती चिंधीत गुंडाळून ठोकली, आणि आम्ही दोघं निघालो.

खुंटीची गरज पडली नाही. पुढे काकी नव्हत्या, पुढचं टोक वर उचललं गेलं होतं, भोक पाण्याच्या वरच राहिलं. होडी आतून खडखडीत कोरडी. मी म्हटलं, "काका, आता बघा, खरंच थेंब नाय."

"पुढं वजन नाय," काका म्हणाले.

एवढंच. तोंडाने सतत चालू असणारा हा माणूस, अर्धं धरण ओलांडलं तरी बोलेना. मला ते सहन होईना, मी काहीबाही बोलत राहिले, शिडाबद्दल, सुयांबद्दल. मग काका दोराकडे बघत म्हणाले, "लगीन झालं तवापासनं घरात ती नाय, अशी एक रात नाय काढली मी. तिला कुठं जाताच यायचं नाय ना."

 ही गोष्ट इतकी उघड होती आणि गावात कुणाच्या डोक्यात आली नव्हती. काकांच्या मात्र आली असणार, भोक पाडत होते तेव्हा, सफेदा लावत होते तेव्हा. तरी त्यांनी होडी केली. मला त्या क्षणी या माणसाविषयी इतकी माया वाटली की त्यांच्या अंगणाच्या उतारासकट सगळं मी माफ केलं.

संध्याकाळी ताट घेऊन गेले. काका ओटीवर बसले होते, घरात दिवा नव्हता. म्हणाले, चहाची पूड कुठं ठेवते ती? डबा समोरच्याच फळीवर होता. पाटावरच्या फुलांत दुसरं बूच सापडलं, ते मी हातात दिलं. त्यांनी खिशात टाकलं, पण चाचपलं नाही. दोन घास खाल्ले आणि विचारलं, "शालू, चार दिवस म्हंजे आजचा दिवस धरायचा का सोडायचा?"

"धरा," मी म्हटलं.

सकाळी उठून बघते तर काकांच्या दाराला कडी. टेकडीवर जाऊन बघितलं, काठाला होडी नव्हती.  आमच्या ह्यांना उठवलं, इकडे तिकडे विचारलं. ऊन वर आल्यावर फोन वाजला. पलीकडून काकी ओरडत होत्या, "शालू, ऐकू येतं का गो? ह्ये आलेत हितं. पुढचं बूच द्यायला म्हनून आले."

"बरं," मी ओरडले.

"आता जा म्हनलं तर म्हनतात वारा पडलाय, बोट चालायची नाय. दोन-चार दिवस तरी वारा नाय म्हनतात. तिकडं कसं हाय गो? हाय का वारा?"

मी दारात उभी होते. दोरीवरचे गणवेश आडवे उडत होते, गिऱ्हाइकाचा एक परकर चिमट्यासकट सुटून गोठ्याच्या छपरावर जाऊन बसला होता.

"नाय काकी," मी म्हटलं, "इकडंबी पान हलत नाय. राहू दे त्यांना तिकडंच."